अभ्यासिकेचे वाय-फाय आणि स्कॅनिंगची खोली : पुण्यातील एका ग्रंथालयातील बँडविड्थ-मोजणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील पेठांच्या भागातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात घडले. संस्था व व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत आणि आकडे पूर्णांकात दिले आहेत. घटनांचा क्रम, मोजणीची पद्धत आणि प्रत्येक टप्प्यावर झालेला निर्णय मात्र जसाच्या तसा मांडला आहे.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. राज्यसेवा आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करण्यासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून पुण्यात येऊन राहिलेली सत्तरएक मुले-मुली तिथे सकाळपासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यांची व्याख्याने आणि सराव चाचण्या आता बऱ्याच अंशी ऑनलाइन असतात, त्यामुळे मासिक शुल्कात मिळणारे वाय-फाय ही त्यांच्यासाठी चैन नाही. तळमजल्यावर कार्यालय आणि देवघेव विभाग आहे, आणि मागच्या खोलीत जुनी मराठी नियतकालिके स्कॅन करण्याचे काम गेल्या काही काळापासून चालू आहे. कागद इतका ठिसूळ झाला आहे की एक अंक दोनदा उलगडण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक पान ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), पूर्ण रंगात आणि कोणतेही कॉम्प्रेशन न करता टिफ फाइलमध्ये घेतले जाते. ए-४ आकाराचे असे एक पान सुमारे ४६ मेगाबाइटचे होते, आणि दिवसाला सातशेच्या आसपास पाने होतात.

इंटरनेटची जोडणी एकच होती. तिचा डाउनलोड वेग सेकंदाला १०० मेगाबिट आणि अपलोड वेग २० मेगाबिट. महिन्याला दोन्ही दिशा मिळून ३.३ टेराबाइट वापराची मर्यादा होती आणि ती ओलांडली की वेग फार खाली येत असे. ही जोडणी दोन नेटवर्क कार्डे असलेल्या एका जुन्या संगणकात येत होती. त्यावर डेबियन लिनक्स ही संगणक-प्रणाली होती आणि तोच साऱ्या इमारतीचा गेटवे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला जोडणारा दरवाजा होता. त्याच्या आतल्या कार्डापासून एक स्विच (अनेक तारा एकत्र जोडणारी पेटी), आणि स्विचपासून कार्यालय, स्कॅनिंगची खोली व अभ्यासिकेचा वाय-फाय राउटर अशी रचना होती. या गेटवेची देखभाल प्रस्तुत लेखकाकडे होती.

अडचण

कामाच्या दिवशी साडेअकरानंतर इंटरनेट मंदावत असे. देवघेव विभागातील ऑनलाइन सूची उघडायला वेळ लागे, कार्यवाहांचे व्हिडिओ कॉल तुटत आणि अभ्यासिकेतली सराव चाचणी मध्येच अडके. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर दिवसभर हीच स्थिती असे. सेवा पुरवठादाराचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो सकाळी साडेनऊच्या सुमारास आला, वेगचाचणी घेतली, डाउनलोड पूर्ण मिळतो असे दाखवले आणि लाइन व्यवस्थित असल्याचे सांगून गेला. त्याने सांगितले ते खरेच होते, पण त्या वेळेपुरते.

कार्यकारिणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी मत मांडले की वर बसलेली मुले व्हिडिओ पाहतात, त्यामुळे खालच्यांना काही उरत नाही. हे इतके स्वाभाविक वाटले की त्यावर फारशी चर्चा झाली नाही. स्कॅनिंग विभागाकडे विचारणा झाली. तिथल्या मॅडमनी सांगितले की पाने क्लाउडवर चढवणाऱ्या आज्ञेत आधीच्या कंत्राटदाराने दहाची मर्यादा घालून ठेवली आहे, म्हणजे अपलोडचा निम्माच भाग आपण वापरतो. हे उत्तर समाधानकारक मानून विषय संपवला गेला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दुपारी वाय-फाय बंद राहील आणि त्याचे कारण ‘गैरवापर’ आहे, अशी सूचना अभ्यासिकेच्या फलकावर लागली.

ती सूचना वाचल्यावर लेखकाने कार्यवाहांना विनंती केली की अंमलबजावणीपूर्वी निदान एक आठवडा मोजणी होऊ द्यावी. “सर, बंद करायला हरकत नाही, पण कोणाचे बंद करायचे ते आधी कळू द्या,” एवढेच म्हणणे होते. ते त्यांनी मान्य केले.

समोर असलेले पर्याय

त्या वेळी चार मार्ग समोर होते. पहिला, अभ्यासिकेचे वाय-फाय दुपारी बंद करणे. त्याला खर्च नव्हता, पण त्याचा भार ज्यांच्यावर पडणार होता त्यांच्याविरुद्ध कोणताही पुरावा नव्हता. दुसरा, अधिक वेगाची योजना घेणे. तिसरा, तयार फायरवॉल यंत्र विकत घेणे. त्यात रंगीत आलेख आयते मिळतात, पण संस्थेच्या अंदाजपत्रकाला तो खर्च झेपणारा नव्हता. चौथा मार्ग म्हणजे गेटवेवर आधीपासून असलेल्या लिनक्समध्येच, कमांड लाइनवरून म्हणजे टंकलेल्या आज्ञा देऊन, वापर मोजणे. त्यासाठी लागणारी साधने मुक्त आणि विनामूल्य आहेत आणि ती बसवायला काही मिनिटे पुरतात. चौथ्या मार्गाचा मोठा फायदा असा की तो इतर तिन्हींचे दार बंद करत नाही, म्हणून तोच आधी घेतला.

मोजणीची जागा ठरवताना एक गोष्ट स्पष्ट होती. स्विचवर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये कोणताही एक संगणक इतरांची वाहतूक पाहू शकत नाही, कारण स्विच प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) फक्त ज्याचे आहे त्याच्याच तारेवर पाठवतो. सगळ्यांची वाहतूक एकत्र येते ती गेटवेवरच, त्यामुळे मोजणी तिथेच करायला हवी होती.

साधन निवडण्यापूर्वी प्रश्न वेगळे केले. किती डेटा गेला, कोणत्या यंत्राकडून गेला आणि त्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रॅममुळे गेला, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे देणारे एकच साधन नाही. पॅकेटमधला मजकूर उघडून पाहण्याची साधनेही उपलब्ध होती, पण ती हेतुपुरस्सर बाजूला ठेवली. मुले काय पाहतात हा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. वेग कुठे जातो, एवढाच प्रश्न होता.

पहिली पायरी : किती

पहिल्या प्रश्नासाठी व्हीएनस्टॅट निवडले. प्रत्येक नेटवर्क कार्डावरून किती बाइट आले आणि किती गेले याचे आकडे लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतःच सतत राखत असते. व्हीएनस्टॅट पॅकेटला हात लावत नाही. ते ठरावीक अंतराने हे आकडे वाचते आणि तास, दिवस, महिना यांप्रमाणे साठवून ठेवते. त्यामुळे जुन्या संगणकावर त्याचा भार जाणवत नाही, मशीन पुन्हा सुरू झाले तरी नोंदी टिकतात आणि कोणी काय पाहिले याचा मागमूसही त्यात नसतो. त्या क्षणाचा वेग आलेखात दाखवणारे एनलोडसारखे साधनही चालले असते, पण त्याच्यासमोर दिवसभर बसून राहावे लागते आणि मागचा दिवस त्याला आठवत नाही.

व्हीएनस्टॅट बाहेरच्या कार्डावर चालू केले. त्यासोबत दर मिनिटाला पुरवठादाराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून, उत्तर यायला लागणारा वेळ एका फाइलमध्ये नोंदवायला सुरुवात केली. वापर आणि विलंब या दोन नोंदी एकमेकींच्या शेजारी असल्याशिवाय मंदपणाचे कारण उलगडत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी पहिलीच ठेवली जाते.

दोन-तीन दिवसांतच तासांच्या तक्त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. डाउनलोडचा आकडा तासागणिक वरखाली होत होता आणि दिवसभरात चाळीस गिगाबाइटच्या आसपास भरत होता. जोडणीच्या क्षमतेच्या मानाने हे किरकोळ आहे. अपलोडचा आकडा मात्र साडेअकरानंतर रात्रीपर्यंत प्रत्येक तासाला ८.३ गिबिबाइटच्या जवळ जवळजवळ स्थिर होता. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदाला २० मेगाबिट म्हणजे अडीच मेगाबाइट, आणि तासाला नऊ गिगाबाइट. गिबिबाइट १०२४च्या पटीत मोजला जातो, म्हणून व्हीएनस्टॅटच्या तक्त्यात हीच मर्यादा ८.४च्या जवळ दिसते. माणसांचा वापर असा सपाट नसतो. जेवणाच्या वेळी तो उतरतो, संध्याकाळी चढतो. आलेख छताला टेकून सरळ रेषेत चालला असेल तर ते एखाद्या यंत्राचे काम आहे आणि तारेची क्षमता संपली आहे, असे समजावे.

पिंगच्या नोंदींनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितले. सकाळी नऊला आठ-दहा मिलिसेकंदांत येणारे उत्तर साडेअकराच्या पुढे आठशे-नऊशे मिलिसेकंद घेत होते. अपलोडची तार भरली की पुरवठादाराच्या मोडेममध्ये पॅकेटांची लांब रांग साठते. पोस्टाच्या एकाच खिडकीपुढे कोणी पाचशे पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले, की मागच्याला एकच आंतर्देशीय पत्र द्यायचे असले तरी तिष्ठावे लागते, तसे हे होते. आणि डाउनलोडसाठीसुद्धा आपल्याकडून बाहेर काहीतरी जावेच लागते : पानाची मागणी, नावावरून पत्ता शोधण्याची विचारणा, प्रत्येक आलेल्या तुकड्याची पोच. ही लहान पॅकेटे त्याच रांगेत अडकली की १०० मेगाबिटची येणारी तार जवळजवळ मोकळी असूनही समोरचे पान उघडत नाही. या साठ्याच्या विकाराला बफरब्लोट म्हणतात.

याच आठवड्यात योगायोगाने एक पुरावा हाती आला. पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्या गुरुवारी सकाळपासून चारेक वाजेपर्यंत वीज नव्हती. अभ्यासिकेचे दिवे, वाय-फाय आणि गेटवे इन्व्हर्टरवर होते, स्कॅनिंगची खोली नव्हती. अभ्यासिका भरलेली होती आणि डाउनलोड नेहमीइतकाच होता, पण तासाचा अपलोड काही शे मेगाबाइटवर उतरला आणि पिंग त्या साऱ्या वेळात पंधरा मिलिसेकंदांच्या आत राहिला. चार वाजता वीज आली आणि पुढच्या तासापासून तीच सपाट रेषा पुन्हा सुरू झाली.

दुसरी पायरी : कोणाकडून

येथेच थांबून निष्कर्ष काढता आला असता. पण वीज गेल्यावर स्कॅनिंगसोबत कार्यालयातले इतर संगणकही बंद होते, म्हणून नेमके यंत्र शोधणे आवश्यक होते. त्यासाठी आयएफटॉप वापरले. ते कार्डावरून जाणारी पॅकेटे पाहून कोणत्या दोन पत्त्यांमध्ये (नेटवर्कवरील यंत्रांच्या क्रमांकांमध्ये) किती वेगाने देवाणघेवाण चालू आहे ते दाखवते आणि प्रत्येक जोडीसमोर गेल्या दोन, दहा व चाळीस सेकंदांची सरासरी मांडते. त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि पत्त्यांची नावे शोधू नयेत असा पर्याय देऊनच ते चालवावे, अन्यथा नावांच्या विचारणेची वाहतूक ते स्वतःच वाढवते.

कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या लिपिकाने ते प्रथम बाहेरच्या कार्डावर चालवले. तिथे आतल्या बाजूचा एकच पत्ता दिसत होता, खुद्द गेटवेचा. हे अपेक्षितच होते, कारण बाहेर पडताना गेटवे आतले सारे पत्ते बदलून स्वतःचा पत्ता लावतो. मग आतल्या कार्डावर चालवले आणि तिथे या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण आला. सर्वांत वरची ओळ अभ्यासिकेची होती. उपस्थित सदस्यांपैकी एकांनी पडद्याचा फोटो काढला आणि “हे बघा, मी म्हणत होतो तेच,” असे म्हणाले.

त्या ओळीचा अर्थ लावण्यासाठी दोन गोष्टी माहीत असणे आवश्यक होते. एक म्हणजे अभ्यासिकेचा वाय-फाय राउटर स्वतःही पत्ते बदलत होता, त्यामुळे सत्तर जणांचा एकत्रित वापर एकाच पत्त्यावर जमा होऊन दिसत होता. दुसरी म्हणजे ती ओळ डाउनलोडची होती. तुटवडा अपलोडचा असताना डाउनलोडमध्ये कोण पुढे आहे याला काही महत्त्व नव्हते. दिशेबद्दल आणखी एक घोटाळा होऊ शकतो, तो येथे नोंदवतो : गेटवेच्या आतल्या कार्डावर जे ‘आलेले’ म्हणून मोजले जाते, तेच इमारतीच्या दृष्टीने बाहेर जाणारे असते. आयएफटॉपला आतल्या नेटवर्कचा पट्टा सांगितला की ते दिशा त्या पट्ट्याच्या संदर्भात दाखवते आणि हा गोंधळ टळतो.

तसे केल्यावर, ‘टी’ ही कळ दाबत फक्त बाहेर जाणारी वाहतूक पडद्यावर ठेवली. आता पहिल्या ओळीवर स्कॅनिंगच्या खोलीतला संगणक होता, १९ मेगाबिटच्या आसपास. अभ्यासिका दुसऱ्या ओळीवर होती आणि तिचा आकडा एक मेगाबिटही भरत नव्हता. ज्या सदस्यांनी फोटो काढला होता त्यांनी तो पडदा बराच वेळ पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि पहिला फोटो कोणाला पाठवणार नाही असे आपण होऊन सांगितले.

तिसरी पायरी : कोणत्या प्रोग्रॅममुळे

नेटहॉग्ज हे साधन वापर प्रोग्रॅमनिहाय दाखवते. ते गेटवेवर चालवून उपयोग नसतो, कारण गेटवेवरून पुढे जाणारी वाहतूक त्याच्या स्वतःच्या कोणत्याही प्रोग्रॅमची नसते. स्कॅनिंगच्या संगणकावर उबुंटू हे लिनक्सच होते, म्हणून तिथेच ते चालवले. वरच्या ओळीत आरक्लोन होते, सेकंदाला सुमारे २,४०० किलोबाइट. क्लाउडवर फाइली चढवणारा हाच तो प्रोग्रॅम, ज्याला दहाची मर्यादा असल्याचे सर्वांना सांगितले गेले होते.

मर्यादा खरोखरच होती. आज्ञेत दहा आणि पुढे ‘एम’ हे अक्षर होते. पण आरक्लोनमध्ये ही मर्यादा बाइटमध्ये धरली जाते, बिटमध्ये नाही. सेकंदाला दहा मेगाबाइट म्हणजे ८० मेगाबिटहून अधिक, आणि जोडणी होती २० मेगाबिटची. म्हणजे ही मर्यादा एक दिवसही लागू झालेली नव्हती, आणि तरी तिच्याच आधारावर स्कॅनिंग विभाग संशयाबाहेर ठेवला गेला होता. मॅडमनी जे सांगितले ते प्रामाणिकपणे सांगितले होते. त्यांना मिळालेली माहितीच तशी होती.

तरीही एक हिशेब जुळत नव्हता. सातशे पाने, प्रत्येकी ४६ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला ३२-३३ गिगाबाइट. ते २० मेगाबिटच्या तारेवर साडेतीन-चार तासांत संपायला हवे होते, दहा तास लागायला नकोत. आरक्लोनची नोंदवही उघडली तेव्हा एकाच पानाची फाइल दिवसातून तीनदा चढलेली दिसली. स्कॅन झाल्याबरोबर फाइल फोल्डरात पडे आणि चढे. मग वाकडे पान सरळ करून कडा छाटल्या जात, की फाइल बदलली म्हणून पूर्ण पुन्हा चढे. शेवटी अंकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक फाइलमध्ये लिहिले जात, की तिसऱ्यांदा. दिवसाला नव्वद गिगाबाइटच्या पुढे, कामाच्या सव्वीस दिवसांत सुमारे २.४ टेराबाइट, आणि त्यात भर अभ्यासिका व कार्यालयाच्या १.२ टेराबाइट डाउनलोडची, म्हणजे एकूण ३.३च्या मर्यादेपलीकडे. महिनाअखेरीचा मंदपणाही येथेच उलगडला.

उपायांची निवड

कारण कळल्यावर मोह होतो तो सर्व काही एकदम बदलण्याचा. आम्ही एका वेळी एकच बदल करायचा आणि मधे दोन-तीन दिवस नोंदी पाहायच्या असे ठरवले, म्हणजे कोणत्या बदलाने काय साधले ते कळेल.

मोठी योजना घेण्याचा पर्याय पुन्हा चर्चेला आला. तो नाकारला, कारण तिसरा हिस्सा उपयोगी आणि दोन हिस्से वाया जाणारे असे अपलोड अधिक वेगाने करण्यात अर्थ नव्हता. सगळे अपलोड मध्यरात्रीनंतर करावे, ही सूचना तांत्रिकदृष्ट्या सोपी होती, पण जुन्या वास्तूत रात्री कोणी नसताना संगणक चालू ठेवायला कार्यकारिणीची तयारी नव्हती, आणि ते योग्यच होते.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती पूर्ण झालेलीच पाने चढवावीत या उपायावर. त्याने अपलोड तत्काळ तिसऱ्या हिश्शावर येणार होते. पण मॅडमची हरकत बिनतोड होती. पान स्कॅन झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत एक दिवस जातो, आणि तेवढा वेळ ते एकाच डिस्कवर राहणार. डिस्क बिघडली तर तोच ठिसूळ अंक पुन्हा उघडावा लागेल. वेग वाचवण्यासाठी मूळ कामच धोक्यात घालणे कोणालाही मान्य नव्हते. तोडगा असा निघाला की कच्ची फाइल दर अर्ध्या तासाला आरसिंक या प्रत काढणाऱ्या साधनाने कार्यालयातील दुसऱ्या संगणकावरच्या डिस्कवर उतरवावी. ती प्रत इमारतीतल्या स्विचवरूनच जाते आणि इंटरनेटच्या तारेला स्पर्श करत नाही.

प्रत्यक्ष कृती

प्रथम ‘पूर्ण’ नावाचे स्वतंत्र फोल्डर केले आणि आरक्लोनला फक्त त्याच्याकडे पाहायला सांगितले. स्थानिक प्रतीची व्यवस्था त्याच्या आधी चालू करून, एक फाइल मुद्दाम पुसून ती परत मिळते का हे तपासले होते.

त्यानंतर आरक्लोनच्या मर्यादेला वेळापत्रक दिले : सकाळी दहापासून सेकंदाला ५१२ किलोबाइट, म्हणजे सुमारे ४ मेगाबिट, आणि रात्री साडेआठनंतर मर्यादा नाही. दिवसभरात १८-१९ गिगाबाइट आणि उरलेले साडेआठनंतरच्या दोन तासांत, असा हिशेब होता. अभ्यासिका अकराला बंद होते आणि तोवर व्यवस्थापक इमारतीत असतात, म्हणून संगणक आपोआप बंद होण्याची वेळ अकरा ठेवली. नवी मर्यादा घातल्यावर नेटहॉग्जवर प्रत्यक्ष आकडा पाहूनच ती मान्य केली.

शेवटी गेटवेवर रांगेची शिस्त बदलली. केक नावाची रांग-पद्धती २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे. ती प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक संवादाला वेगळी रांग देते, त्यामुळे एकाचा गठ्ठा दुसऱ्याला अडवत नाही. तिला अपलोडची मर्यादा १८ मेगाबिट दिली, म्हणजे प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा थोडी कमी, जेणेकरून रांग मोडेमऐवजी आपल्या ताब्यातल्या गेटवेवर तयार होईल. येथेही एककांकडे लक्ष ठेवावे लागते. ही रांग बसवणाऱ्या टीसी या आज्ञेत ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, पण ‘एमबीपीएस’ लिहिले तर ती त्याचा अर्थ मेगाबाइट असा घेते.

केक बसवताना एक पेच उभा राहिला. ती यंत्रांमध्ये समान वाटप करते, आणि अभ्यासिकेचे सत्तर जण मिळून एकच यंत्र दिसत होते. म्हणजे सत्तर जणांना एका संगणकाइतका वाटा मिळाला असता. तो अन्याय टाळण्यासाठी अभ्यासिकेचा राउटर ब्रिज पद्धतीने, म्हणजे पत्ते न बदलता, चालवणे भाग होते. पण तसे केले की प्रत्येकाचा मोबाइल आणि लॅपटॉप गेटवेवर वेगळा दिसू लागतो. न्याय्य वाटपासाठी जी रचना लागते तीच पाळत ठेवण्यालाही उपयोगी पडते, हे कार्यकारिणीसमोर स्पष्टपणे मांडले. एका सदस्यांनी विद्यार्थीनिहाय यादी मागितलीच. त्यावर लेखकाचे म्हणणे असे होते की बेरजेने प्रश्न सुटला आहे, मग नावे कशासाठी? चर्चेअंती एक पानी नियम लिहिला गेला : व्हीएनस्टॅटच्या एकूण नोंदी कायम ठेवायच्या, आयएफटॉप फक्त तक्रार आल्यावर आणि दोघांच्या उपस्थितीत चालवायचे, त्याचा पडदा साठवायचा नाही. हा नियम अभ्यासिकेच्या फलकावरही लावला.

परिणाम

‘पूर्ण’ फोल्डरचा बदल झाल्यावर दिवसाचे अपलोड ३३ गिगाबाइटच्या आसपास आले, पण साडेअकराचा मंदपणा पूर्ण गेला नाही. तो फक्त दुपारी तीनला संपू लागला. वेळापत्रकानंतर दिवसा तो नाहीसा झाला. केकनंतर रात्री साडेआठच्या पूर्ण वेगाच्या अपलोडमध्येही पिंग तीस मिलिसेकंदांच्या आत राहिला. पुढच्या महिन्याचा एकूण वापर दोन टेराबाइटच्या जवळपास झाला आणि मर्यादा ओलांडली गेली नाही.

वाय-फाय बंद करण्याची सूचना काढून घेण्यात आली. ती नुसतीच काढावी असे काहींचे मत होते. कार्यवाहांनी मात्र तिच्या जागी दुसरी सूचना लावली आणि तीत मंदपणाचे कारण संस्थेच्याच यंत्रणेत सापडले असे लिहिले. हे त्यांनी केले याचे लेखकाला विशेष मोल वाटते, कारण ज्यांच्यावर ‘गैरवापर’ हा शब्द जाहीरपणे लावला गेला होता, त्यांना खुलासाही जाहीरपणेच मिळायला हवा होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त मोजणी कोणी केलीच नव्हती : अभ्यासिकेतल्या मुलांना विचारणे. नंतर बोलताना त्यांच्यातल्या तिघा-चौघांनी सहज सांगितले की रविवारी नेट उत्तम चालते. रविवारी अभ्यासिका सर्वांत जास्त भरलेली असते आणि स्कॅनिंग बंद असते. कार्यालयातले लोक रविवारी नसल्याने त्यांच्या हे लक्षात येणे शक्य नव्हते, पण एका प्रश्नात संशयाची दिशा बदलली असती आणि पहिली सूचना लिहिलीच गेली नसती.

पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला दुपारी बोलावायला हवे होते, आणि वेगचाचणीत डाउनलोडसोबत अपलोड व विलंब यांचेही आकडे मागायला हवे होते. एखादी मर्यादा घातली आहे असे कोणी सांगितले की ती लागू होताना पाहावी, हे तर कोणत्याही कार्यालयात करता येण्यासारखे आहे. नेटहॉग्जचा पडदा पाच मिनिटे पाहिला असता तरी दहाचा तो आकडा कंत्राटदार गेला त्याच दिवशी उघडा पडला असता. व्हीएनस्टॅट तर गेटवे बसवला तेव्हाच चालू करून ठेवण्यासारखे साधन आहे, कारण ते चालू केल्यापासूनचाच इतिहास सांगते. स्कॅनिंग सुरू झाले त्या आठवड्यात अपलोड कसा चढला हे दाखवणारी नोंद असती, तर आठवडाभराच्या शोधाची गरजच पडली नसती.

एक प्रश्न अजून खुला आहे. टिफ फाइलींना दर्जा न घटवणारे कॉम्प्रेशन लावले तर अपलोड आणखी कमी होईल, पण कॉम्प्रेशन नसलेली मूळ प्रत ठेवण्याचा मॅडमचा आग्रह आहे आणि जतनाच्या दृष्टीने तो विचारात घेण्यासारखा आहे. फक्त क्लाउडवरची प्रत कॉम्प्रेस करावी आणि इमारतीतील प्रत तशीच ठेवावी, असा मधला प्रस्ताव कार्यकारिणीच्या पुढील बैठकीसमोर आहे, आणि त्यासोबत महिन्याचा व्हीएनस्टॅटचा तक्ता जोडला आहे.